कर्ता गाळायचा नाही

शहापुरात आमच्या इंग्रजीच्या सरांना माणसं टाळत. ते समोरून येताना दिसले की दुकानदार उगाच खाली वाकून काहीतरी शोधायला लागे. सर दुकानात यायचे ते खरेदीला कमी आणि पाट्या वाचायला जास्त. कापडाच्या दुकानात ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक’ अशी पाटी होती. सर ती मोठ्याने वाचायचे आणि गल्ल्यावरच्या मुलाला विचारायचे, “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ठीक. पण कोण घेणार नाही? तू, की तुझे वडील?”

“सर, सगळीकडे अशीच पाटी असते.”

“सगळीकडचं राहू दे. तुझं सांग.”

“आम्ही घेणार नाही, सर.”

“मग तसं लिही. आम्ही घेणार नाही. गिऱ्हाइकाला भांडायला समोर माणूस तरी दिसू दे.”

एकदा एका बँकेच्या दारावर कागद लावला होता, की गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला जात आहे. इंग्रजीत. सर आत गेले आणि एकेका टेबलापाशी थांबून त्यांनी विचारलं, “खेद तुम्हाला झालाय का?” कोणालाच झाला नव्हता. शेवटी काचेमागचा अधिकारी म्हणाला, “काका, तो कागद हेड ऑफिसवरून आलाय.” सर म्हणाले, “म्हणजे खेद तिकडे आणि गैरसोय इकडे.” लोक हसले. सर हसले नाहीत. ते कधीच हसत नसत, आणि म्हणूनच त्यांचा राग यायचा.

मी नववी-दहावीला त्यांच्या हाताखाली होते. ताठ कॉलरचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, दोन्ही लाल. कर्तरी आणि कर्मणी प्रयोग, म्हणजे आमच्या भाषेत ‘व्हॉइस’, हा परीक्षेत थोड्याशा मार्कांचा प्रश्न. इतर शिक्षक दोन तासांत उरकत. सर त्याला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत लावत. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, की कर्ता महत्त्वाचा नसेल तर कर्मणी वाक्यात तो गाळला तरी चालतो. सरांनी त्या ओळीवर आम्हाला काट मारायला लावली.

“कर्ता गाळायचा नाही. माहीत नसेल तर ‘बाय समवन’ लिहा. कोणीतरी होतं, एवढं तरी कागदावर राहू दे.”

“सर, पण बोर्डाला चालतं,” वर्गातलं कोणीतरी म्हणालं.

“बोर्डाला पुष्कळ काही चालतं.”

ज्याने ‘बाय’ गाळलं त्याचा अर्धा मार्क जायचा आणि वर्गासमोर उभं राहून ते वाक्य दहा वेळा म्हणावं लागायचं. शेणव्याकडच्या पाड्यावरून चालत येणारी वनिता माझ्या शेजारी बसायची. तिची जीभ इंग्रजीला वळायची नाही. ती उभी राहून रडायची, आणि सर तिच्या रडण्याकडे न बघता फळ्यावर पुढचं वाक्य लिहायचे. त्या वर्षी मी त्यांचा मनापासून द्वेष केला. पण माझं इंग्रजी चांगलं झालं, हेही खरं.

सगळीच कर्मणी वाक्यं त्यांना खोटी वाटत होती असं नाही. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘आपल्या तालुक्यात भात पिकवला जातो.’ म्हणाले, “हे चालेल. इथे किती हातांची नावं घ्याल?” मग खाली लिहिलं, ‘आय वॉज बॉर्न’. त्यावर खडू टेकवून म्हणाले, “याच्यात बघा. जन्म दिला गेला. आई कुठे गेली? एवढ्या कळा सोसलेल्या बाईला यांनी सरळ वाक्यातून बाहेर काढलं.” आम्हाला काही कळलं नाही. घंटा झाली.

त्यांच्या या वेडाचं कारण मला फार नंतर, त्यांच्या मुलीकडून कळलं. शहापूरला येण्याआधी सर मुरबाडच्या एका शाळेत होते. तिथे घर होतं, दारात शेवग्याचं झाड होतं, बायकोचं माहेर हाकेच्या अंतरावर. एके दिवशी संस्थेकडून इंग्रजीत पत्र आलं, की त्यांची बदली करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे. का, ते नव्हतं. कोणी, तेही नव्हतं. सरांनी मुख्याध्यापकांना विचारलं, ते म्हणाले वरून आलं. वर विचारलं, तर म्हणाले शाळेकडूनच शिफारस आली होती. शिफारस कोणी केली? ती करण्यात आली होती. मुख्याध्यापक सरांचे जुने मित्र, रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणारे. ते बदलीनंतर एकदाही आले नाहीत. सरांनी शेवटपर्यंत त्यांच्यावर आरोप केला नाही, कारण पुरावा नव्हता. पण ते पत्र त्यांनी फेकलं नाही, आणि शहापुरातल्या वर्गात शिकवायला सुरुवात केली ती ‘व्हॉइस’च्या धड्यापासून.

फक्त एका बाबतीत सर स्वतः कर्ता गाळून बोलत. त्यांची बायको, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, शहापूरला आल्यावर चार वर्षांनी गेल्या. पोटात दुखत होतं, दुपारभर त्या खाटेवर पडून होत्या, संध्याकाळी दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सर एकच वाक्य सांगत: “तिला वेळेवर नेलं गेलं नाही.” माझी आई मला घेऊन त्यांच्याकडे बसायला गेली होती. आईच्या काही लक्षात आलं नाही. मी दहावीची मुलगी, आणि मला त्यांनीच शिकवलं होतं. मला ते वाक्य ऐकू आलं. मी ते कोणाला सांगितलं नाही, पण विसरलेही नाही.

मी बी.ए. झाले, टायपिंग केलं, आणि हायवेलगतच्या एका कारखान्यात ऑफिसमध्ये लागले. पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना. मुख्य कचेरी लांब, तिकडचे सगळे कागद इंग्रजीत. ऑफिसात बऱ्यापैकी इंग्रजी लिहिणारी मी एकटी. मॅनेजर नवीन माणसाला ओळख करून देताना म्हणायचा, “हिचं ड्राफ्टिंग बघा.” मला ते आवडायचं. तिथे मी शिकले, की नोकरीतलं इंग्रजी सरांच्या इंग्रजीच्या बरोबर उलटं असतं. मशिन बंद ठेवण्यात आलं. रजा मंजूर करण्यात येत नाही. तुमच्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे. अशा वाक्यांत कोणीच काही करत नाही, सगळं आपलं आपण होत असतं. दोन महिन्यांत माझा हात बसला.

वनिता त्याच कारखान्यात खाली मशिनवर होती. तिचं लग्न खर्डीला झालं होतं, दोन पोरं होती. जेवायच्या सुट्टीत ती कधी वर येऊन दारातून विचारायची, “काय गो, एसीत बसून जेवलीस का?” आणि स्वतःच हसायची. डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी मला काढून द्यायची.

पुठ्ठा कापायच्या मशिनला पुढे लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळी असली की पुठ्ठा सरकवायला वेळ लागतो. त्या आठवड्यात माल लवकर पाठवायचा होता. सुपरवायझरने जाळी काढायला लावली. तिसऱ्या दिवशी वनिताचा उजवा हात मनगटाच्या वरून तुटला.

तिचा जबाब दवाखान्यात मराठीत लिहून घेतला होता. तो रिपोर्टसाठी माझ्याकडे आला. मला तो अजून पाठ आहे. “सुपरवायझर साहेबांनी जाळी काढायला सांगितली. मी नको बोलले. ते म्हणाले, काम सावकाश होतंय, नाय जमत तर घरी बस. मला कोणी काय समजावलं नाय. मी हात घातला.” खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.

मॅनेजर म्हणाला, “याचा इंग्रजीत रिपोर्ट कर. मुख्य कचेरीला आणि सरकारी ऑफिसला तोच जाईल. नावं नकोत. सभ्य भाषेत लिही.”

मी अर्ध्या तासात लिहिला. उत्पादनाच्या सोयीसाठी जाळी काढण्यात आली होती. धोक्याची कल्पना देण्यात आली होती. हे दुसरं वाक्य मॅनेजरने तोंडी सांगितलं, मी लिहिलं. त्यानंतर शेवटचं वाक्य: ‘द मशिन वॉज ऑपरेटेड विदाउट ड्यू केअर बाय द वर्कर.’ मशिन निष्काळजीपणे चालवलं गेलं, कामगाराकडून. हे ‘बाय द वर्कर’ मला कोणी सांगितलं नव्हतं. वाक्य ‘केअर’पाशी थांबलं तेव्हा मला ते अपुरं वाटलं, अर्धा मार्क जाईलसं वाटलं, आणि हात आपोआप पुढे गेला. संपूर्ण पानभर रिपोर्टमध्ये कर्ता फक्त एकाच वाक्यात होता, आणि तो म्हणजे वनिता. मॅनेजरने वाचलं आणि म्हणाला, “शेवटचं फार छान झालंय.”

मूळ जबाबाचा कागद परत द्यायचा राहिला आणि माझ्या खणात पडून राहिला.

महिन्याभराने वनिताला पत्र आलं, की तिच्या सेवेची आता आवश्यकता उरलेली नाही. सोबत रिपोर्टची प्रत. तिच्या नवऱ्याला त्यातलं काही कळेना. वनिता म्हणाली, आपले सर वाचून दाखवतील. ज्या माणसाने तिला वर्गात रडवलं त्याच्याकडेच ती गेली. सर तेव्हा निवृत्त होऊन एकटेच राहत होते.

पुढच्या रविवारी सकाळी सर माझ्या दारात. मी त्यांना इतक्या वर्षांत घरी येताना पाहिलं नव्हतं. आईने खुर्ची दिली. ते बसले नाहीत. खिशातून घडी केलेला कागद काढला.

“हे तू लिहिलंस.”

विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

“सर, ऑफिसात तसंच लिहायची पद्धत आहे.”

“जाळी काढण्यात आली. कोणी काढली?”

“मला काय माहीत?”

“कल्पना देण्यात आली. कोणी दिली?”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“आणि हे,” त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे ‘बाय’ या तालुक्यात माझ्या विद्यार्थ्यांशिवाय कोणी लिहीत नाही. मी शिकवलेलं तू नेमकं एका ठिकाणी वापरलंस.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तिचा मराठी जबाब असेल ना? तो मला दे. मी अर्ज करतो. तुझं नाव कुठे येणार नाही.”

तो जबाब माझ्या खणात होता. आणून देणं अवघड नव्हतं. मला नोकरीची भीती वाटली, हे खरं आहे. पण त्याहून जास्त मला त्या क्षणी राग आला होता, माझ्या आईसमोर, माझ्याच घरात मला पुन्हा उभं करून प्रश्न विचारले जात होते म्हणून. आणि इतकी वर्षं जपून ठेवलेलं ते माझ्या तोंडून निघालं.

“सर, बाईंना वेळेवर नेलं गेलं नाही, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता ना? कोणी नेलं नाही?”

आई म्हणाली, “अगं.”

सरांनी रिपोर्टची घडी घातली. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा उघडून घातली.

“मी नेलं नाही,” ते म्हणाले. “ती दोनदा म्हणाली. मी पेपर तपासत होतो. म्हटलं, हा गठ्ठा होऊ दे.”

एवढं बोलून ते पायऱ्या उतरले. आई त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली. मी आतल्या खोलीत जाऊन बसले. मला वाटत होतं की मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेल्यावर मी खणातून तो जबाब काढला आणि मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, हा माझ्याकडे राहिला होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, कागद घेतला आणि आपल्या खणात टाकला. पुन्हा मी तो पाहिला नाही. वर्षअखेरीला माझी जागा कायम झाली.

सरांनी जबाबाशिवायच अर्ज केला. वर्षभर ते वनिताला घेऊन ठाण्याच्या सरकारी ऑफिसात जात होते. सकाळी पोळी-भाजीचा डबा, बगलेत फाईल, आणि शेजारी पदराखाली हात झाकलेली वनिता. मी त्यांना स्टेशनच्या रस्त्यावर तीन-चारदा पाहिलं. सरांनी मला पाहिलं की ते नेहमीसारखेच समोर बघत चालत राहायचे. त्यांनी रिपोर्टमधल्या प्रत्येक वाक्याखाली लाल पेनाने कर्ता लिहून तो कागद अर्जाला जोडला होता म्हणे. तिथल्या बाबूने विचारलं, “आजोबा, हे कशावरून?” ते म्हणाले, “हिने मला सांगितलं.” बाबू म्हणाला, “तसं लेखी कुठे आहे?” लेखी होतं ते एका खणात. अर्ज निकाली काढण्यात आला. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाल्याचं अहवालावरून दिसून येतं, असं त्यात होतं. अहवाल म्हणजे माझं शेवटचं वाक्य.

त्यानंतर सर पाट्या वाचायचे थांबले. कापडवाला मुलगाच मला म्हणाला, “सर आता काही बोलत नाहीत हो. दुकानासमोरून नुसते जातात. बरं वाटत नाही.” त्याने पाटी मात्र काढली नव्हती.

सर गेले ते या उन्हाळ्यात, झोपेत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मुलगी मुरबाडहून आली होती. तिने पाणी दिलं, बस म्हणाली. खोलीत सतरंजीवर पाच-सहा बायका होत्या आणि भिंतीशी वनिता. अपघातानंतर इतक्या जवळून मी तिला पहिल्यांदाच बघत होते. ती बारीक झाली होती. आता घरच्या घरी पापड-कुरडया करून ती शहापूरच्या बाजारात विकायला बसते, हे मला ऐकून ठाऊक होतं. ती बसते त्या गल्लीतून मी जात नसे.

बायका एकेक करून उठल्या. मुलगी आत गेली. आम्ही दोघीच उरलो.

मी म्हणाले, “वनिता, तो रिपोर्ट मी लिहिला होता.”

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. “ठावं हाय.”

“सरांनी सांगितलं?”

“नाय. मी त्यांना इचारलं व्हतं, हे कोनी लिवलं? पयल्यांदाच ते म्हनाले, ठाऊक नाय. अख्खा जलम ज्यांनी नाव इचारलं ते म्हनतात ठाऊक नाय. तवाच मी समजले, आपल्यातलंच कोन तरी हाय.” तिने पदर हातावर ओढून घेतला. “मंग फॅक्टरीत इंग्रजी लिवनारं दुसरं कोन व्हतं गो?”

“तू कधी आली नाहीस.”

“मी कशाला येऊ?”

पंख्याचा आवाज येत होता. आत मुलीने कपबशा धुवायला घेतल्या होत्या.

“माझा जबाब व्हता,” वनिता म्हणाली. “मराठीतला. मी अंगठा दिल्याला. सर लई शोधत व्हते. तो कुटं गेला?”

पाच वर्षं मी नोकरीत जे लिहीत आले होते तेच पहिल्यांदा ओठांवर आलं: तो जमा करण्यात आला. तेवढं मी गिळलं.

“माझ्याकडे होता. सर घरी येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो मॅनेजरला दिला.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती ओरडेल, रडेल, काहीतरी बोलेल. ती फक्त बघत राहिली, एखादा अवघड शब्द जुळवून वाचावा तशी. मग डाव्या हाताने जमिनीचा आधार घेऊन उठली आणि आत डोकावून सरांच्या मुलीला म्हणाली, “येते गो ताय. बाराव्याला येईन, भाकरी मी थापीन.”

मी तिच्या मागे ओट्यावर आले. तिच्या चपलेचा पट्टा बकलाचा होता. ती पायरीवर बसली आणि एका हाताने तो लावायला लागली. पट्टा निसटला. पुन्हा निसटला. मी खाली वाकून हात पुढे केला.

तिने पाय मागे ओढून घेतला.

मी तशीच वाकलेली राहिले. तिने दातांनी पदर धरला, गुडघा वर घेतला आणि सावकाश, एकेक करून दोन्ही बकलं लावली. मग उठून फाटक ढकललं आणि बाजाराच्या दिशेने चालू लागली.